सासरे चाच्यांवर फिदा

खाडीकाठच्या इतिहासावर बोलणाऱ्या मित्रांनो, आपलं व्याख्यान घरचं माणूस ऐकत नाही, हे दुःख आपल्या सगळ्यांचंच!

आज दुपारी कामोठ्याच्या घरी समुद्री चाच्यांच्या नव्या इंग्रजी मालिकेचा पहिला भाग लावला. माझे सासरे पूर्वी खाडीतून मीठ वाहणारी मोठी होडी, म्हणजे मचवा, चालवायचे. माझ्या व्याख्यानात पहिल्या रांगेत बसून ते डुलक्या घेतात. आज मात्र, इंग्रजीचं अक्षर कळत नसताना, तासभर पापणी लवली नाही. त्या चोरांचा मला भयंकर हेवा वाटला.

मध्येच ते ओरडले, "खोटं हाय! एवढ्या पेट्या भरल्या, तरी जहाज पान्याच्या एवढं वर कसं?"

मग भरलेला मचवा किती खोल बसायचा, ते हातांनी दाखवत राहिले. वीस वर्षांत हे मी प्रथमच ऐकत होतो.

"मामा, मला कधी सांगितलं नाहीत?"

"तुमी कदी इचारलंत? जावई, तुमच्या भाषनात तारखा लय, पानी नाय."

अजून जळतोय. दुसरा भाग ते बघणार आहेत. माझ्या रविवारच्या व्याख्यानाला मात्र त्यांचे गुडघे दुखणार आहेत.

मित्रांनो, पुढच्या भाषणाआधी गावातल्या एका म्हाताऱ्या नाखव्याकडे जा आणि विचारा, भरलेला मचवा पाण्यात किती बसायचा?