लोकरीचे दोन गुंडे आणि चढलेला डॉलर

हसू येतं आता, पण खरं ते सांगून टाकलेलं बरं. सुरुवातीला सगळ्या जिन्याची खात्री होती की तिसऱ्या मजल्यावरचा लिफ्टमिस्त्री सट्टा खेळतो. ही गोष्ट सांगणारीचीसुद्धा, उगाच साळसूदपणा कशाला. माणूस सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत येणार, फोनवर डॉलरचा भाव बघणार, आणि कप कठड्यावर असा आदळणार की खालच्या मजल्यावरचं मांजर शेपूट फुगवून पळायचं. "चढवलात मेल्यांनो परत," असं कुणाला तरी म्हणायचा आणि चहा तसाच टाकून कामाला निघायचा. बुडाला बिचारा, असं सगळे म्हणायचे. समोरच्यांनी तर उसने मागायला येईल म्हणून संध्याकाळी आतून कडी लावायला सुरुवात केली होती.

आणि निघालं काय? तर लोकर.

आता या माणसाकडे बघून कुणाच्या मनात लोकर येईल का, तुम्हीच सांगा. हात म्हणजे पान्याला बोटं फुटलेली. नखांत ग्रीस. उभ्या गावाच्या लिफ्ट दुरुस्त करणार आणि राहणार कुठे, तर जिथे लिफ्टच नाही अशा इमारतीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण संध्याकाळी हात घासूनपुसून हा गडी खिडकीपाशी बसायचा आणि सुया अशा चालवायचा की बघत राहावं.

हे शिकवलं त्याच्या ताईने. आई लवकर गेली, ताईनेच वाढवला. लहानपणी हा एका जागी बसेना, दिसेल ते उघडून आतलं बाहेर काढायचा, म्हणून तिने हातात सुया दिल्या. हात गुंतले की तोंड बंद राहील, असा तिचा हिशोब. हात गुंतले. तोंडाने मात्र आजतागायत दाद दिली नाही. दोघंही आता पिकली, एकाच घरात राहतात, आणि भांडल्याशिवाय एकही घास खाली उतरत नाही.

तर ताईने स्वतःसाठी एक शाल घेतली होती विणायला. आयुष्यभर दुसऱ्यांचे स्वेटर विणले, म्हणाली, ही एक माझी. लोकर परदेशी. वांग्याच्या सालीसारखा रंग, उजेडात धरला की आतून लाली दिसणारा, आणि गालाला लावली तर टोचत नाही अशी मऊ. एकेक गुंडा जमेल तसा आणायची. शाल पाऊण झाली आणि डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, वाढणार नाही, पण गेलेलं परत येणार नाही. ताई रडली वगैरे नाही. शाल भावाच्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "पुरी कर. थंडी पडायच्या आत माझ्या अंगावर हवी. आणि मी कुठे थांबले, तू कुठे सुरू झालास, ते कुणाला कळता कामा नये."

"तुला तरी कुठे दिसणार आहे."

"मला बोटं आहेत अजून. ती नाही आंधळी झाली."

दोन गुंडे कमी पडत होते. आता दोन गुंडे म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण लोकर रंगवतात मोठ्या पिंपात, आणि दर पिंपाचा रंग केसभर वेगळा उतरतो. म्हणून गुंड्याच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो. दुसऱ्या लॉटचा गुंडा लावलात, तर दिव्यात काही कळत नाही, पण सकाळच्या उन्हात शालीवर पट्टा दिसतो. लोकरवाल्याच्या दुकानात वरच्या फळीवर त्याच लॉटचे शेवटचे दोन गुंडे उरले होते. मिस्त्री घ्यायला गेला, तर भाव वाढलेला.

"डॉलर चढला, मिस्त्री," लोकरवाला म्हणाला. तोंड असं केलं, जणू डॉलर त्याच्या छातीवर चढलाय.

तिथेच मिस्त्रीने चूक केली. आणि ती लिफ्टमिस्त्रीच करू जाणे. वर गेलेली लिफ्ट खाली येतेच, यावर ज्याचं जन्मभर पोट भरलं, त्याला डॉलरबद्दल तरी वेगळं काय वाटणार? म्हणाला, येऊ दे खाली, मग घेतो. आणि गॅलरीत कप आपटायला सुरुवात झाली.

एक दिवस डॉलर आला खाली. मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत डबा टाकून दुकानात धावला. भाव जिथल्या तिथे.

"डॉलर उतरलाय," मिस्त्री म्हणाला.

"उतरला असेल. पण हा माल जुना, तेव्हा महाग पडलेला. माझा आतबट्ट्याचा धंदा थोडाच आहे."

बरं. मिस्त्री दात खाऊन परतला. मग डॉलर पुन्हा चढला, पहिल्यापेक्षा वर. हवेत गारवा यायला लागला होता, ताई उगाचच खांदे चोळत बसायला लागली होती. मिस्त्री दुकानात गेला, तर जुन्या चिकटपट्टीवर नवी चिकटपट्टी, नव्या किमतीची.

"हे काय? माल तर जुना ना?"

"पण उद्या नवा भरायचा तो याच भावात मिळणार ना? हा स्वस्तात देऊन बसलो तर फळी कशाने भरू?"

मिस्त्रीची कानशिलं तापली. लोकरीचे भाव बघून त्याचा आवाज जेवढा चढला, तेवढा डॉलरही चढला नसेल. "म्हणजे डॉलर चढला की नव्या मालाचा भाव, आणि उतरला की जुन्या मालाचा? अरे, लिफ्ट आहे की जिना हा? नुसता वरच जातोय." खिशातून त्याने चुरगळलेली कागदी पट्टी काढली, ताईच्या पहिल्या गुंड्याची. ताई त्या पट्ट्यांवर उरलेला धागा गुंडाळून ठेवायची. गल्ल्यावर फळीवरच्या गुंड्याशेजारी ती सपाट करून ठेवली. "वाच नंबर. तोच आहे ना? एकाच पेटीतून उतरलेत दोन्ही. माझ्या बहिणीने अर्ध्या भावात नेलेत हे. तुला यांच्यापायी एक दमडी जास्त पडलेली नाही, आणि लुटतोस मात्र रोजच्या ताज्या भावाने."

लोकरवाला काही भोळा नव्हता. त्याने सावकाश चष्मा पुसला. "आमच्या इमारतीच्या लिफ्टचं ते इलेक्ट्रॉनिक कार्ड मागच्या महिन्यात कुणी बदललं?"

"मी. मग?"

"बिल पाहिलंत? खाली लिहिलं होतं, डॉलर वाढल्यामुळे सुट्या भागांच्या किमतीत वाढ. कार्ड काय त्याच दिवशी विमानाने आलं होतं?"

मिस्त्रीने गल्ल्यावरची पट्टी उचलून खिशात टाकली. ते कार्ड गोदामात किती काळ पडून होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? खोक्यावरची धूळ त्यानेच बाहीने पुसली होती.

"बिल ऑफिस बनवतं," तो कसाबसा म्हणाला. "माझ्या हातात नाही."

"आणि डॉलर माझ्या हातात आहे होय?"

झालं. पायातली चप्पल रस्त्यावर फाडफाड वाजवत मिस्त्री घरी आला. जिना चढताना लोकरवाल्याला शिव्या, दुसऱ्या मजल्यावर ऑफिसला, आणि तिसऱ्यावर पोचेपर्यंत शिव्या द्यायला स्वतःशिवाय कुणी उरलंच नाही. तो राग सगळ्यात वाईट.

"आणलेस?" ताईने दाराच्या आवाजावरून विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. हात नाचवत, दुकानदाराची नक्कल करत. कार्डाची गोष्ट तेवढी गाळून.

ताईने ऐकून घेतलं. "पुढे काय झालं ते सांग. एवढं बोलून तू रिकाम्या हाताने येणाऱ्यातला नाहीस. त्याने काहीतरी उलटं सुनावलं असणार."

मग तेही सांगावं लागलं.

"बरोबर बोलला," ताई म्हणाली. "लबाड आहे, पण बरोबर बोलला. आता एक सांग, थंडी काय डॉलर बघून पडते? तू तिकडे न्यायाला भांड, मी इकडे कुडकुडते. आणि उद्या कुणी बाहुलीचा झगा विणायला ते गुंडे उचलले, मग काय करशील? तुझ्या न्यायाचा पदर पांघरू मी?"

मिस्त्री आल्या पावली उलटा फिरला. दुकानात पोचला, तर गल्ल्याशी एक बाई उभी, आणि तिच्या हातात वांगी रंगाचा गुंडा. उलटून पालटून बघतेय. मिस्त्री थेट जवळ गेला आणि लोकरवाला सांगेल तो भाव गल्ल्यावर ठेवला. "दोन्ही माझे आहेत," एवढंच बोलला. बाई चमकून बाजूला झाली. मिस्त्रीने जन्मात पहिल्यांदा न भांडता पैसे दिले, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

"शहाणपणा केलात," लोकरवाला पिशवी देत म्हणाला. "अजून चढणार आहे."

आणि त्याच आठवड्यात डॉलर धप्पकन खाली आला. त्या सकाळी कपाचा कान तुटला.

पण राग वाया घालवणारा माणूस नव्हे तो. तेव्हापासून कुठेही कार्ड बसवायला गेला की खोक्यावरची धूळ पुसत नाही. धुळीसकट नेतो आणि इमारतीच्या सेक्रेटरीच्या टेबलावर ठेवतो. "घ्या, आजच्या डॉलरमधला ताजा माल. बोट फिरवून बघा." दोन इमारतींनी बिलं परत पाठवली. साहेबांनी बोलावून विचारलं, तुला धूळ पुसायचा पगार नाही का मिळत? मिस्त्री म्हणाला, पुसतो की, भाव पुसाल तेव्हा. साहेबांनी त्याला महिनाभर दूरदूरच्या कामांवर पाठवला. तो बसमध्ये बसून शाल विणत गेला. बघणारे बघत राहिले, त्याची त्याला पर्वा नव्हती.

खरी थंडी पडायच्या आत शाल झाली. मिस्त्रीने ती ताईच्या मांडीवर ठेवली आणि समोर हाताची घडी घालून उभा राहिला. ताईने टोकापासून बोटं फिरवायला सुरुवात केली, हळूहळू, टाक्यावरून टाक्यावर. तोंडावर काही दाखवायची नाही, हा तिचा जुना खाक्या. निम्म्याच्या पुढे गेली, थांबली, मागे आली, पुन्हा चाचपलं.

"हं. सापडला. इथून तू सुरू झालास."

"कशावरून?"

"घट्ट आहे. लिफ्टचा दोर वळल्यासारखा. तुला किती वेळा सांगितलंय, टाका सैल सोड, पळून नाही जात तो. माझा हात असा नाही."

"नक्की?"

"शपथेवर सांगते."

आता मिस्त्री लोकांची एक रीत असते. दुसऱ्याचं अर्धवट काम हातात घेतलं, की जिथून घेतलं तिथे खूण करायची. उद्या काही तुटलं तर कुणाच्या हाताखालचं तुटलं ते कळायला हवं. मिस्त्रीने शालीलाही केली होती. ताईचं बोट धरून त्याने ते पुढे सरकवलं, चांगलं वीतभर पुढे, शाल उलटी केली आणि तिथे वेगळ्या दोऱ्याने बांधलेल्या बारीक गाठीवर टेकवलं.

"ही काय?"

"माझी खूण. इथून मी. तिच्या अलीकडचं सगळं तुझं."

ताईचं बोट गाठीवरून मागे त्या घट्ट जागेवर गेलं. परत गाठीवर आलं.

"दोर कुणी वळला मग?" मिस्त्रीने विचारलं.

"डोळे जायला लागले होते तेव्हा माझे. भीतीने हात आवळतो माणसाचा." शाल खांद्यावर ओढून तिने मान फिरवली. "गाठ सोड ती. टोचते मला."

"ती पाठीमागच्या बाजूला आहे, टोचत नाही."

"सोड म्हणते ना."

"आधी म्हण, कळलं नाही मला कुठे जोडलंय ते."

ताईने खिडकीकडे तोंड केलं. मग खालच्या आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून असेल, म्हणाली, "नाही कळलं."

मिस्त्रीने कात्री घेतली आणि गाठ कापली.