सांगली–कोल्हापूर, व्हाया जयपूर

घरात गेमचं यंत्र आलं ते लेकीच्या नावावर, पण खेळायचा तिचा बाप. "पोरीला हवंय गं," म्हणत आणलं आणि पहिल्याच संध्याकाळी हा माणूस सोफ्यावर मांडी ठोकून क्रिकेट खेळत बसला. आऊट झाला की यंत्रावरच चिडणार. मी म्हटलं, खेळू दे बापड्याला, या वयात खरा चेंडू लागला तर मलाच निस्तरावं लागेल.

माझी बँकेत बदली झाली म्हणून आम्ही जयपूरला, जवाहर नगरमध्ये राहतो. आईवडील सांगलीत. वडिलांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. आबा एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते, सांगली–कोल्हापूर रस्त्यावर जन्म काढला. आवाज असा की ड्रायव्हरला घंटीची गरज पडायची नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ मात्र जड झाली. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाई म्हणाल्या, जे तोंडपाठ आहे तेच रोज मोठ्यानं म्हणायला लावा. आता कंडक्टरला काय तोंडपाठ असणार? स्टॉप.

मग रोज संध्याकाळी मी बँकेतून आले की व्हिडिओ कॉल. लेक विचारायची, "आबा, गाडी कुठं आली?" आबा म्हणायचे, "अं-क-ली." मग जयसिंगपूर, हातकणंगले, हेरले, शिरोली. लेकीचं मराठी अडखळतं, निम्मं हिंदी. "आबा, मतलब, आता कोल्हापूर किती दूर आहे?" असं काहीतरी विचारायची. एक अडखळणारी आणि एक अडखळणारा, दोघांची गाडी हळूहळू पण रोज कोल्हापूरला पोचायची. मला तेवढ्यानंच भरून यायचं.

नवरात्राच्या तोंडावर हे यंत्र आलं आणि कॉल बिघडला. आबांचं चित्र थिजायचं, आवाजाचे तुकडे व्हायचे. "आबा, काही कळत नाही, परत बोला." ते परत बोलायचे. "नाही कळलं हो." असं चार-सहा दिवस चाललं. मग एका संध्याकाळी आईनं एकटीनंच साधा फोन केला.

"ते येत नाहीत म्हणतात. तोंडाकडं बोट दाखवतात आणि हात हलवतात." आईचा आवाज उतरला होता. "घरातपण बोलायचे बंद झालेत गं. पाणी पाहिजे तर तांब्याकडं बोट."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला विचारलं तर त्यांना तिकडं आम्ही स्वच्छ दिसत होतो, आमचा शब्दन् शब्द ऐकू जात होता. बिघाड फक्त आमच्याकडं येणाऱ्या आवाजात होता. मग त्या माणसानं काय समजावं? बिघाड आपल्या जिभेतच आहे, असंच ना!

मी नेटवाल्यांशी कडाकडा भांडले. त्यांचा माणूस आला, तपासून म्हणाला, "मैडमजी, लाइन तो एकदम बढ़िया है." राउटर बंद करून चालू केला. पासवर्ड बदलला, शेजारचं कुणी वापरत असेल म्हणून. मांजर पिल्लं हलवते तसा तो राउटर घेऊन घरभर फिरले, कपाटावर, खिडकीत, फ्रीजवर. काही उपयोग नाही. यंत्राचा संशय मी बोलून दाखवला तर नवरा दुखावला. "अगं, संध्याकाळी मी ते बंदच ठेवतो. बघ, टीव्हीसुद्धा बंद आहे."

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या कामाच्या वस्तूंची पूजा असते. पाटावर विळी मांडली, पान्हे मांडले, माझा कॅल्क्युलेटर ठेवला. लेकीनं गेमचं यंत्र सगळ्या वायरी उपटून आणलं.

"हे काय हत्यार आहे का?"

"पप्पांचं तर हेच आहे," ती म्हणाली. त्यालाही हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, म्हणून ते तिथंच राहिलं.

त्या संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला आणि मी बघतच राहिले. तिच्या नाकातली चमकीसुद्धा दिसत होती! दसऱ्याला यंत्र पुन्हा जागेवर गेलं, वायरी लागल्या, आणि सोनं द्यायला व्हिडिओ कॉल केला तर आई पुन्हा तुकड्यातुकड्यांत. मी तडक टीव्हीपाशी गेले. यंत्रावर एक बारीक नारिंगी दिवा जळत होता.

"बंद आहे म्हणत होतास ना? मग हा दिवा कुणाचा?"

लेकीनं सेटिंग उघडलं. यंत्र बंद नव्हतंच, झोपलेलं होतं. आणि झोपल्या झोपल्या पप्पांनी मागवलेले एकेक अवाढव्य गेम उतरवून घेत होतं. कुंभकर्ण निदान उठून तरी खायचा! घरात येणारं सगळं नेट तेच ओढत होतं, आबांच्या वाट्याला काही उरतच नव्हतं. नवरा बिचारा कानकोंडा झाला, त्यानं वायर काढली.

नेट सुधारलं, पण आबांचं काय? आईला फोन आबांच्या कानाशी धरायला सांगून मी म्हटलं, "आबा, तुमचं काही चुकलं नव्हतं हो, आमचं नेट खराब होतं."

"त्यांना वाटतंय तू समजूत काढतीयस," आई म्हणाली. "जन्मभर गाडी भरली की लोकांना 'मागनं रिकामी गाडी येतीय' म्हणून सांगितलंय त्यांनी. त्यांना कोण फसवणार?"

यावर डोकं लेकीनं चालवलं. तिनं मुद्दाम वायर जोडली, गेम उतरवायला लावला आणि आजीला व्हिडिओवर बोलायला सांगितलं. बोलायला सांगितल्यावर आई काय थांबते! शेवग्याच्या शेंगांपासून सुरुवात झाली. आम्हाला जसं दिसत होतं तसंच लेकीनं रेकॉर्ड केलं आणि आजीला पाठवून दिलं. आईनं ते आबांसमोर धरलं. सबंध गल्लीत जिच्या जिभेला कुणी अडवू शकत नाही ती बाई तोंड उघडं टाकून थिजलेली, आणि आवाज नुसता "शेव… …ला… …गं." फोनवर आम्हाला आधी आबांचं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी!

वायर निघाली. आबा फोनसमोर येऊन बसले.

"आबा, गाडी कुठं आली?"

"अंकली." स्वच्छ. मग जयसिंगपूर, जरा घसरत. मग बराच वेळ घेऊन, "हा… णं… ले."

चित्र थिजलं नव्हतं. त्यांच्या डोक्यावरचा पंखा व्यवस्थित फिरत होता. मी 'वा आबा, छान' म्हणणारच होते. नवऱ्यानं तर मानही डोलावली.

"आबा," लेक म्हणाली, "नेट एकदम बरोबर आहे. आत्ता चुकलं ते तुमचंच. परत म्हणा."

अगं ए भवाने! आबांनी टॉवेलनं ओठाची कड पुसली, पाठ ताठ केली आणि पुन्हा म्हणाले. नाही आलं.

"परत," ती म्हणाली.

ते परत म्हणाले. मी ओढणी तोंडाशी धरून उभी होते. माझ्यानं हे झालंच नसतं, मी खोटं कौतुक करून मोकळी झाले असते.

"हात… कणंगले," आबा म्हणाले. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्यांनी आपणहून विचारलं, "कळलं?"

"हो आबा, आता कळलं," लेक म्हणाली, आणि तिचं त्यांना खरं वाटलं.