बाजेखालचा भुईचाफा

शकुनचा मुलगा भूपेश नोकरीवर जाताना फाटकाला बाहेरून कुलूप लावतो. नवरा गेल्यावर त्याने तिला आंबागडहून भंडाऱ्याला आणलं, आणि ती दोनदा कोणालाही न सांगता तुमसरची बस धरून गावी परत गेली. तेव्हापासून कुलूप. काळजीपोटी, म्हणे! मी शेजारीण, निवृत्त शिक्षिका; आमचं बोलणं भिंतीवरून.

घरामागे आंब्याखाली चिंचोळी जागा, ऊन कधी नाही. दुसऱ्यांदा पळाली तेव्हा शकुनने जंगलातले भुईचाफ्याचे कंद पदरात बांधून आणले आणि तिथे लावले. पावसाळ्यात पानांनी जमीन झाकून टाकली. दिवाळीनंतर पानं वाळून गेली, उरली नुसती माती. भुईचाफ्याचं तसंच असतं. आधी पानं जातात, मग चैत्रात मातीतून थेट फूल येतं.

हे मला तेव्हा कुठे ठाऊक? भूपेशने विचारलं, "मावशी, मांगं सिमेंटचे गट्टू लावून टाकू का? साप-विंचू निघते."

मी डोकावले. माती दिसली. "लाव की," म्हटलं. शकुनला एका शब्दाने विचारलं नाही. चूक माझीच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी डोमा मिस्त्री गट्टू घेऊन आला. शकुनने बाज ओढत आणली, कंदांवर टाकली आणि वर बसली.

"आई, उठ ना वं. मिस्त्री खोळंबला."

"खाली फुलं हायेत."

"कोठी हायेत? मावशीनंबी पाहिलं, काहीच नाही."

"बाईले पुस्तकातलं समजते, मातीतलं नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"काहून हट्ट करून राहिली? उठ म्हणतो ना!"

"उठून जाऊ कोठी? फाटकाले तं तूच कुलूप लावून ठेवतं."

भूपेशचं तोंड उतरलं. डोमा सुतळी गुंडाळत म्हणाला, "राहू द्या साहेब, बाजेच्या भवताल लावतो." आणि खरंच त्याने बाजेच्या चारी पायांपर्यंत गट्टू बसवले, सरळ रेषेत.

शकुन दोन महिने तिथेच बसली. जेवण तिथे, दुपारची झोप तिथे. नोकरी करणारी सून नंदिनी वैतागली, पण ताट तिथेच आणून देऊ लागली.

चैत्रात एका सकाळी शकुनने मला हाक मारली. बाज तिने भिंतीला उभी केली होती. मातीतून पांढरी-जांभळी फुलं वर आली होती, एकही पान नाही. मी मोजली, सतरा.

"घ्या बाई," शकुन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता मले बसाले जागा नाही."