पिल्लासाठी पाहिलेलं घर

काकूच्या चपला कधी झिजायच्या नाहीत. काका दर दिवाळीला तिला नवी जोडी आणत आणि आधीची, अजून करकरीत असलेली, ती धुणंभांड्याच्या बाईला देऊन टाकायची. राहायला परळीत, भर बाजारात. पण चपलांचे तळ कोरे ते कोरेच. मी अकरावी-बारावीला त्यांच्याकडे, म्हणजे बाबांच्या चुलतभावाकडे, राहायला होते. माझ्या चपलेचा अंगठा सारखा तुटायचा. काकू तुटकी चप्पल हातात घेऊन उलटीपालटी करून बघायची आणि म्हणायची, "लई चालतीस गं तू!" मला ते बोलणं रागवण्यासारखं वाटायचं. तिला माझा हेवा वाटायचा, हे पुष्कळ उशिरा कळलं.

खाली काकांचं भांड्यांचं दुकान आणि वर घर. जिना एकच, आणि तो उतरायचा थेट दुकानात, काकांच्या गल्ल्याच्या मागे. मागच्या बाजूला शेजाऱ्याची भिंत. घरातल्या बायकांनी गिऱ्हाइकांसमोरून ये-जा करायची नाही, हा काकांच्या वडिलांचा नियम. वडील गेले, नियम मागे राहिला. मला कॉलेजची पोरगी म्हणून सूट होती. काकू शटर ओढल्यावर बाहेर पडायची, तीही काकांबरोबर, वैजनाथाच्या दर्शनाला नाहीतर कुणाच्या लग्नाला. बरं, काका काही दुष्ट नव्हते. त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. केशर आंब्याची पेटी आली की पहिली वर जायची. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. आंबे आणून देणाऱ्याशी काय भांडणार? मला त्या घरात गुदमरायला व्हायचं, आणि का ते सांगता यायचं नाही.

काकूकडे या सगळ्यावर दोनच शब्द होते, सवय होऊन जाते अशा अर्थाचे: "व्हती सवय." वर पत्र्याखाली उन्हाळ्यात अंगाची लाही व्हायची. "व्हती सवय." गच्चीवर घातलेल्या पापडांवर थर्मलची, वीजकेंद्राची राख बसायची, ती फडक्यानं झटकत म्हणायची, "व्हती सवय." पहिल्या आठवड्यात मी आईच्या आठवणीनं रडले, तर माझ्या पाठीवरून हात फिरवत हेच म्हणाली. मला धीर आला होता. तेव्हा तो धीरच वाटला.

तिची मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि काकूचं जेवण कमी झालं. बोलता बोलता मध्येच थांबायची, खिडकीला कपाळ टेकून उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, यांना विरंगुळा पाहिजे. काकांनी ते फार मनावर घेतलं. त्यांच्या ओळखीच्या एक निवृत्त नर्सबाई थर्मलच्या कॉलनीत राहायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. त्यांच्याकडे पामेरियन कुत्रीला पिल्लं झाली होती. "लहानी जात हाय," काका जेवताना म्हणाले, "भायेर न्यायचं काम न्हाई. घरातल्या घरात फिरतंय. आपल्या घराला बरोबर हाय." त्याच दिवशी दुकानातल्या मशीनवर त्यांनी एका स्टीलच्या वाटीवर नावसुद्धा कोरून टाकलं, 'राजा'. पिल्लू अजून बघितलेलंही नव्हतं.

काकू मात्र एकदम जागी झाली. दुपारी माझ्या मोबाईलवर आम्ही पामेरियनचे व्हिडिओ बघायचो. त्याला ऊन सोसत नाही, केस रोज विंचरावे लागतात, एकटं पडलं की भुंकून जीव काढतं. आणि जात लहान असली तरी रोज बाहेर न्यावंच लागतं, नाहीतर चिडचिडं होतं, अन्न सोडतं. ते वाक्य काकूनं मला पुन्हा लावायला सांगितलं. पण तिला पिल्लू हवं होतं. गच्चीच्या कोपऱ्यात तिनं सावलीला गोणपाट बांधलं, जुन्या लुगड्याची घडी अंथरली. ती इतकी कामाला लागलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

घर बघितल्याशिवाय सिस्टर पिल्लू देत नसत. "स्थळ बघायला येनारेत," म्हणून काका हसले. काकूनं ठेवणीतली साडी नेसून पोहे केले. सिस्टर पिशवीत पिल्लू घेऊन आल्या, ते काकूच्या मांडीवर दिलं आणि पोह्यांकडे न बघता गच्चीवर गेल्या. पत्र्याला हात लावला. कठड्यावरून बोट फिरवलं, ते काळं झालं. मग आत येऊन बसल्या आणि विचारायला लागल्या. दिवसभर घरात कोण असतं?

"ही असती की," काका अभिमानानं म्हणाले. "ही कुठंच जात न्हाई."

"रोज बाहेर कोण नेणार?"

"गच्ची हाय की फिरायला."

"आणि दुकान चालू असताना त्याला खाली यावंसं वाटलं तर?"

"जिन्याला फळी लावू. दोन-चार दिवस वरडंल, मग गप बसंल."

सिस्टर काकूकडे वळल्या. "ताई, तुम्ही सांगा. ठेवू का याला इथं?"

आज भाजी कोणती, यापलीकडे त्या घरात काकूला कुणी काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. पिल्लू तिच्या मांडीवर झोपलं होतं. ते जागं होऊ नये म्हणून तिनं त्याच्या केसांत ठेवलेला हात हलवलासुद्धा नव्हता. काका म्हणाले, "इचारायचं काय? तिला लई आवडलंय."

"न्हाई," काकू म्हणाली. "घिऊन जावा."

"आगं, कावून?"

"ह्याला सवय व्हईल."

"मग चांगलंच हाय की!" काका म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. सिस्टरना कळलं. त्यांनी पिल्लू उचललं, काकूच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाल्या. काकू त्यांच्यामागे जिना उतरली, शेवटच्या पायरीवर थांबली. दुकानात गिऱ्हाईक होतं. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत ती तिथंच उभी होती, मग वर आली. संध्याकाळी भाकरी थापताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "येका पिल्लासाटी बाईनं किती इचारलं गं. माज्या लग्नाच्या टायमाला आमच्या बापानं नुसतं दुकान बघितलं." 'राजा'ची वाटी तिनं मोहरीला घेतली.

पदवी झाल्यावर मला गेवराईचं स्थळ आलं. हार्डवेअरचं मोठं दुकान, वर दुमजली घर. वडवणीला आमच्या घरी बघण्याचा कार्यक्रम ठरला, तेव्हा काका-काकू गाडी करून आले. बैठक रंगली होती, बाबा खुशीत होते, माझ्या मताची कुणाला घाई नव्हती. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काकूचा आवाज आला. "तुमचा जिना कुटं उतरतो?"

मुलाची आई हसून म्हणाली, "दुकानातच की. आमच्या सुनंला ऊनसुदा लागत न्हाई."

"आन दुकान चालू आसताना तिला भायेर जायचं झालं तर?"

"तिला काय करायचंय भायेर? सगळं वर मिळतं."

"मग न्हाई जमायचं," काकू म्हणाली. काका "आगं, आगं" करत राहिले. बाबांचा चेहरा पडला. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "मलाही नाही जमायचं." इतकं सोपं असतं ते, मला माहीत नव्हतं.

पाहुणे गेले. घरात सगळे काकूवर चिडले होते, तिच्याशी कुणी नीट बोलेना. मी तिला बाहेर घेऊन गेले. आठवडी बाजाराचा दिवस होता. आम्ही गर्दीतून, चिखलातून नुसत्या हिंडलो, काही घेतलं नाही. परत आलो तर काका गाडीचं दार उघडून वाट बघत होते. तिच्या पायांकडे बघून म्हणाले, "चपला झटक गं, गाडीत माती व्हईल."

काकूनं चपला झटकल्या नाहीत. माझा हात एकदा घट्ट दाबला, तशीच गाडीत बसली आणि काकांबरोबर परळीला परत गेली.