सखाराममास्तरांचा झुलता ठेका आणि मी चुकवलेली वरात

"जाझ ऐकायला धामणगाव बढे?" बायको खो-खो हसली. मी हट्टानं त्याच दिवशी तिकीट काढलं. सखाराममास्तर तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत स्विंग, म्हणजे झुलत्या ठेक्याचं जाझ, गायचे, मग गावी परतून त्यांनी स्वतःची बँडपार्टी काढली, हे कळल्यावर घरी कोण बसणार!

मलकापूरला रेल्वेतून उतरा, एसटीनं मोताळा गाठा, पुढे काळीपिवळी. पाठीचं भरीत होतं, आधीच सांगून ठेवतो.

मास्तर आता नाहीत. बँड त्यांची मुलगी शोभाताई चालवते. मी पोचलो तेव्हा वरात निघायच्या बेतात होती. "सरळसोट वाजवलं का बाबा चिडत," ताई म्हणाल्या, "म्हणत, 'काऊन बे, कवायत करून राह्यले का?'" मास्तर वाजवणाऱ्यांकडे तोंड करून, उलटं चालत गायचे. त्यांच्या कमरेच्या शेल्याचं टोक धरून लहानगी शोभा वाट दाखवायची. आता ताई तशाच गातात, पण शेला धरणारा भाऊ तापानं पडला होता.

"भाऊ, तुम्ही धरसान का?" ताईंनी मलाच विचारलं. "वळण आलं का ओढजा."

नवरदेवाचे मामा गुरकावले, "शोभाताई, आज घोटाळा झाला तर धाकट्या भाच्याच्या लग्नाले डीजे!"

"ती सुपारी गेली तर बँड बंदच," ताई हळूच म्हणाल्या. मी शेल्याचं टोक दोन्ही हातांना गुंडाळून घेतलं.

गाणं सुरू झालं आणि माझं भान सुटलं. लग्नाचंच गाणं, पण ठेका काय डुलत होता! पाराशी वळण आलं आणि शेला ओढायचा राहिला. ताईंमागोमाग बँड, बँडमागे घोडा, अख्खी वरात एका बोळात! पुढे भिंत.

"अरे बाप्पा! कुठी आणलं बे?" मामा ओरडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंची पाठ भिंतीला टेकली. त्या हसल्या आणि गाणं थेट दुप्पट लयीत धरलं. दारं उघडली. "आमच्या बोळात वरात? पह्यल्यांदाच आली व माय!" म्हणत एक म्हातारी उंबऱ्यावरून उतरली आणि मामांचाच हात धरून नाचू लागली. मामा किती गुरगुरणार? फेटा सुटेस्तोवर नाचले.

जेवणात वरण-बट्टी आणि वांग्याची झणझणीत भाजी होती. लाजत लाजत तीनदा वाढून घेतलं.

घरी येऊन आठवडा झाला. हात शेल्यात अडकलेले, त्यामुळे रेकॉर्डिंग शून्य. पण भांडी घासताना पाय आपोआप तो ठेका धरतो, आणि मी वेड्यासारखा खूश होतो.

काल ताईंचा फोन आला. धाकट्याची सुपारी मिळाली!

"पण मामांची एक अट हाये, भाऊ," त्या म्हणाल्या. "वरात त्या बोळातूनच न्याची."