गोदाकाठची चार वाक्यं

मानवतच्या मेनरोडवर ईश्वरअप्पा कानडखेडकरांचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत आहेराची भांडी घ्यायला गर्दी व्हायची, पण एरवी दुपारी रस्ता ओस पडला की दुकानात ते एकटेच. त्या दुपारी त्यांनी गोष्टी लिहिण्यात घालवल्या. गिऱ्हाईक आलं की कागद परातीखाली सरकवायचे, गेलं की पुन्हा काढायचे. दिवाळी अंकांत त्यांचं काहीबाही छापून येई. गावात ते फार कुणी वाचत नसे आणि अप्पांना त्याचं वाईटही वाटत नसे. वय उतरणीला लागल्यावर त्यांची पहिली कादंबरी आली. पितळी भांड्यांना कल्हई लावत गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाची ती गोष्ट होती.

कादंबरी काढली ती परभणीच्या तात्यारावांनी. ते हौसेनं पुस्तकं छापत. पुस्तक बाहेर आल्यावर महिनाभरानं त्यांचा फोन आला. आता नुसतं छापून भागत नाही, लोक मोबाइलवर बघतात आणि मग घेतात, म्हणून दोन मिनिटांची फिल्म करायची, असं ते म्हणाले. कादंबरीतला कल्हईवाला गोदावरीच्या वाळूतून चालत पहिल्या गावात येतो, त्यामुळे शूटिंग गंगाखेडला नदीवर. कल्हईवाला व्हायचं खुद्द अप्पांनी. खांद्यावर गाठोडं घेऊन चालत यायचं, गाठोडं खाली ठेवायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून कादंबरीची सुरुवातीची चार वाक्यं म्हणायची.

अप्पा लगेच हो म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी पुस्तक काढलं आणि ती चार वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली.

गेल्या दीडेक वर्षापासून त्यांना विसरायला होत होतं. किल्ली कुठं ठेवली, जेवण झालं का, असलं तर या वयात सगळ्यांचंच होतं. पण एकदा बसस्टँडवरून घरी येताना, जन्मभर तुडवलेल्या रस्त्यावर, डावीकडे वळायचं की उजवीकडे हेच कळेना. ते एका पानटपरीपाशी उभे राहिले. ओळखीचा माणूस दिसल्यावर गप्पा मारायचं निमित्त करून त्याच्याबरोबर घरापर्यंत आले. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आता त्यांच्या मनानं घेतलं की ही चार वाक्यं आपण कॅमेऱ्यासमोर नीट म्हणू शकलो तर आपल्याला काही झालेलं नाही. आणि म्हणू शकलो नाही तर? त्यापुढचा विचार ते करत नव्हते.

रोज सकाळी अंघोळ करून, लिंगायत रीतीनं तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाली की ते त्याच पाटावर बसून चार वाक्यं म्हणायचे. दुकानात कढया पुसताना म्हणायचे. वाक्यं अशी होती: ‘कल्हईवाला गावात आला की आधी कुत्री भुंकायची, मग पोरं धावायची. बाया घरातली काळी पडलेली भांडी काढून ओट्यावर मांडायच्या. तो कुणाला भाव सांगत नसे, नुसतं भांडं उलटं करून बघे. कोणत्या घरात किती जणांचं शिजतं आणि किती जण उपाशी निजतात, ते त्याला तळावरून कळायचं.’

ठरल्या दिवशी तात्यारावांनी गाडी पाठवली. अप्पांच्या पत्नी चन्नबसम्मा मीपण येते म्हणाल्या. उन्हात डबा कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. अप्पांना ते बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

फिल्म करणारी प्रियांका परभणीचीच, तिशीतली. लग्नाचे व्हिडिओ करता करता ती या कामात आली होती. तिच्याबरोबर कॅमेरा धरायला राम होता. तिनं पटका आणि मळकं धोतर आणलं होतं. कपाळावरची विभूती कल्हईवाल्याला शोभणार नाही, असं ती चाचरत म्हणाली. अप्पांनी वाद न घालता पटका भुवयांपर्यंत ओढून घेतला.

चालण्याचं काम झकास झालं. नदीचं पाणी आटून पलीकडच्या कडेला गेलं होतं आणि मधे नुसती वाळू पसरली होती. अप्पा गाठोडं घेऊन वाकून चालत आले, तेव्हा राम म्हणाला की आजोबा, तुमी तर जुने नट वाटायलात. अप्पा हसले. चन्नबसम्मा एका बाभळीखाली पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्याही हसल्या.

मग वाक्यांची वेळ आली.

पहिल्या खेपेला दोन वाक्यं सुरेख आली आणि तिसऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. अप्पा कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात पुलावरून उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडे गेले. आवाज घाण झाला, पुन्हा घेऊ, असं प्रियांका म्हणाली. अप्पांचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर ते प्रत्येक वेळी पुलाकडे कान लावून ट्रॅक्टरची वाट पाहू लागले. ट्रॅक्टर आला नाही की म्हणत, ऊन डोळ्यांत येतंय. मग म्हणाले, घसा कोरडा पडलाय. पाणी प्यायच्या निमित्तानं ते गाडीआड गेले आणि तिथं एकदम आठवलेलं तिसरं वाक्य तळहातावर पेनानं लिहून आले. घामानं ते वितळून निळा डाग तेवढा उरला.

दुपार डोक्यावर आली. वाळू तापली. मधेच एकदा अप्पांनी तिसऱ्या वाक्याच्या ठिकाणी न थांबता म्हटलं, ‘तो माणसांशी बोलत नसे, विस्तवाशी बोले,’ आणि पुढं चौथंही जुळवून घेतलं. प्रियांका खूश झाली. चन्नबसम्मांचं बोट पुस्तकातल्या ओळीवर होतं. हे वाक्य तिथं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. सुटलो, असं वाटून अप्पा गाठोड्यावर टेकले. तेव्हा प्रियांकानं सांगितलं की आता हेच बाजूनं एकदा घ्यायचं, शब्द मात्र तेच हवेत.

ते शब्द आता कुठून आणायचे? काही क्षणांपूर्वी आपण काय बोललो, ते अप्पांना आठवत नव्हतं. राम सहज म्हणाला की आजोबा, तुमीच तर लिहिलंय, बघून घ्या एकदा. त्यानं चन्नबसम्मांकडून पुस्तक आणून त्यांच्या हातात दिलं. अप्पांनी पहिलं पान वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

“हे मी लिहिलेलं न्हाई,” ते म्हणाले. “तात्यारावानं बदललंय. मला न इचारता बदललंय.”

जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस रामवर ओरडू लागला. सदऱ्यावरून काढून त्यानं हातात धरलेला माइक त्यांनी ढकलून दिला, तो वाळूत पडला. मग ते वळले आणि पाण्याच्या दिशेनं चालू लागले. प्रियांका मागं जाणार, तोच चन्नबसम्मांनी तिला हातानं थांबवलं आणि स्वतः गेल्या.

पाण्याच्या कडेला अप्पा ओल्या वाळूत बसले होते. पटका सुटून गळ्यात आला होता. चन्नबसम्मा शेजारी बसल्या. 

“ते वाक्य माझंच हाय,” अप्पा म्हणाले. “आत्ता ध्यानात आलं. पण मघाशी खरंच वाटलं, की दुसऱ्याचं हाय. ऐक, माझ्या डोक्यातून सगळं जायलंय.”

“मला ठावं हाय.”

“कवापासून?”

चन्नबसम्मांनी सांगितलं. दुकानात आहेराच्या भांड्यांवर मशीननं नाव घालून द्यायचं काम अप्पा करत. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या पातेल्यावर त्यांनी नवरीच्या नावाऐवजी स्वतःच्या, फार पूर्वी वारलेल्या बहिणीचं नाव घातलं होतं. गिऱ्हाईक भांडायला आलं तेव्हा अप्पा जेवायला घरी गेले होते आणि दुकानात चन्नबसम्मा बसल्या होत्या. तेव्हापासून त्या दुपारचं जेवण दुकानातच आणत, आणि अप्पा हात धुवायला उठले की नाव घातलेलं प्रत्येक भांडं तपासून बघत. चुकलेलं पातेलं बाजूला ठेवून, नवं काम म्हणून दुसरं कोरं पातेलं अप्पांपुढं करत. अशी बरीच भांडी माळ्यावर साठली होती.

“मग बोलली कामून न्हाईस?”

“तुमी लिहायलात म्हणून. सांगितलं असतं तर लिहिणं सोडलं असतं तुमी.”

अप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांच्या डोक्यात दुसरी कादंबरी होती. कुणाला सांगितली नव्हती, पण सगळी तयार होती, माणसं, गाव, शेवट, सगळं. कागदावर मात्र पाच-सहा पानं. “ती तशीच जाणार,” ते म्हणाले. “मी जिता हाय तवरच जाणार, आणि मला कळणारबी न्हाई की गेली.” ते मोठ्यानं रडले. वाळूत मुठी आपटत रडले. चन्नबसम्मांनी त्यांना गप्प केलं नाही. फक्त पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

दोघं परत आले तेव्हा प्रियांका खाली मान घालून उभी होती. घाबरून तिनं तात्यारावांना फोन केला होता. त्यांचा निरोप सांगावा की नाही, ते तिला कळत नव्हतं. चन्नबसम्मांनी विचारल्यावर तिनं सांगितलं. तात्याराव म्हणाले होते, की आजारपण असेल तर तेच कॅमेऱ्यावर सांगा. स्वतःची कादंबरी विसरत चाललेला लेखक, हे लोक बघतील. पुस्तक हातोहात खपेल.

अप्पा विचारात पडले. त्यांचा चेहरा पाहून ते हो म्हणणार, हे चन्नबसम्मांना दिसलं.

“घ्या,” अप्पा प्रियांकाला म्हणाले. “मी सांगतो. पुस्तक तर वाचतील लोकं.”

“न्हाई,” चन्नबसम्मा म्हणाल्या. “माळ्यावर भांडी दडवली ती यासाठी न्हाई. वाचायचं तर त्या कल्हईवाल्यासाठी वाचू द्या. तुमची कीव करून नको.”

“आता कीव तर कीव. मला वेळ कुठं हाय?”

“मी म्हणते एकेक वाक्य. तुमी माझ्या मागनं म्हणा.”

अप्पांना ते अपमानाचं वाटलं. आपण लिहिलेलं बायकोच्या तोंडून ऐकून शाळेतल्या पोरासारखं म्हणायचं? त्यांनी मान फिरवली. पण दुसरा रस्ता दिसत नव्हता. रामनं माइक पुसून पुन्हा त्यांच्या सदऱ्याला लावला. अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माफी मागायची होती, पण शब्द सापडला नाही.

चन्नबसम्मा कॅमेऱ्याशेजारी वाळूत बसल्या. त्या एक वाक्य वाचत, थांबत, मग अप्पा म्हणत. तिसऱ्या वाक्याला ते दोनदा अडले. चौथ्याला ‘उपाशी निजतात’ इथं त्यांचा आवाज चिरकला. प्रियांकानं पुन्हा घेऊ म्हटलं नाही. ऊन कलल्यावर सगळे गाडीत बसले. वाटेत अप्पांनी दोनदा विचारलं, की आपण कुठून यायलोत. दोन्ही वेळा चन्नबसम्मांनी सांगितलं, गंगाखेडहून.

फिल्म आली. प्रियांकानं मधल्या जागा कापून वाक्यं सलग जोडली होती. बघणाऱ्याला काही कळत नाही. तात्यारावांना ती साधी वाटली. थोड्या लोकांनी बघितली, त्याहून थोड्यांनी पुस्तक घेतलं. अप्पांना परभणीच्या आणि मग नांदेडच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. नावं घालायचं मशीन दुकानातून काढून टाकलं.

आता दुपारी चन्नबसम्मा गल्ल्यावर बसतात. समोर वही असते. अप्पा दुसरी कादंबरी सांगतात आणि त्या लिहितात. शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे हात हळू चालतो आणि अप्पा थांबले की सांगत होते ते विसरतात. म्हणून त्या काही शब्द अर्धेच लिहून पुढं पळतात. कधी एक पान होतं. कधी अप्पा तीच ओळ पुन्हा पुन्हा सांगतात आणि त्या तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहितात. शेवट आधी सांगून ठेवा, असं त्या रोज म्हणतात. अप्पा आठवायला डोळे मिटतात. शेवट त्यांना माहीत होता, एवढं त्यांना पक्कं आठवतं.