दीडशे ग्रॅम

जगात ज्या ज्या वस्तूला वजन आहे, ती ती आमच्या खालच्या काकांनी एकदा तरी काट्यावर ठेवून पाहिली आहे, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. खालचे काका म्हणजे माझे घरमालक. मॉन्ट्रियलला त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर भाडेकरू म्हणून मी. नोकरीसाठी मी नागपूरहून आले त्या दिवशी त्यांनी दारातच माझी बॅग एका हाताने उचलली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बावीस किलो आठशे." ते अगदी बरोबर होतं. तेवीसच्या मर्यादेत बसवायला आईने लोणच्याची बरणी दोनदा बाहेर काढून दोनदा आत ठेवली होती, त्यामुळे तो आकडा मला पाठ होता. मी थक्क होऊन बघतेय तोवर त्यांनी माझंही वजन विचारलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून काकू घाईघाईने म्हणाल्या, "अगं, बाहेरच्या लोखंडी जिन्यासाठी विचारतायत. मनावर नको घेऊस." त्या जिन्यावर एका वेळी किती माणसांनी उभं राहावं याची पाटी काकांनी स्वतः रंगवून लावली होती. बर्फ पडल्यावरचा आकडा खाली वेगळा लिहिला होता.

यात त्यांचा दोष नव्हता. तीस वर्षं त्यांनी विमानांच्या कारखान्यात वजनाच्या विभागात काढली होती. विमानात एक बोल्ट वाढला तरी तो काकांच्या वहीतून जायचा. "रंगालाही वजन असतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणाचंही नवीन घर बघायला गेले की ते भिंतीकडे बघत हेच म्हणायचे. दुसरं आवडतं वाक्य गुरुत्वमध्याचं. मागचं सामान पुढे नेलं तर विमानाचं एकूण वजन तेच राहतं, फक्त गुरुत्वमध्य सरकतो, हे त्यांनी मला पहिल्या महिन्यात निदान चार वेळा समजावलं असेल. एकदा तर मी माझा सोफा खिडकीपाशी ढकलला म्हणून छताच्या आवाजावरून अंदाज घेत ते वर समजवायला आले होते. केस कापायला जाण्याआधी आणि आल्यावर ते काट्यावर उभे राहत आणि जो फरक निघेल तो पुढच्या खेपेला न्हाव्याला सांगत. न्हावी बिचारा सभ्य होता.

एवढ्या काटेकोर माणसाचं स्वतःचं वजन मात्र अठ्ठ्याण्णव किलो होतं, कारण ते कमी करायला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळ आली ती काकूंमुळे. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार अशा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायच्या, आणि आल्यावर भिंत धरून चालायच्या. काकांचा रक्तगट जुळला, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टर म्हणाले, तुमची एक किडनी चालेल, पण आधी चौदा किलो उतरवा. नाहीतर आम्ही तुम्हाला टेबलावर घेणार नाही. काका घरी आले, बेसमेंटच्या भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला आणि मला म्हणाले, "फोर्टीन किलोज. विमानातून एवढं काढायला आम्हाला दोन वर्षं लागायची. मला सहा महिने दिलेत. बघू."

आता स्टेक सुटणार, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं. कारखान्यातल्या पहिल्या हिवाळ्यापासून दर शनिवारी स्टेक, म्हणजे मांसाचा भाजलेला जाड तुकडा, हा काकांचा नेम होता. काकू शाकाहारी. त्यांचा कायदा साधा होता. ते प्रकरण बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनशेजारच्या विजेच्या ग्रिलवर करायचं, त्याचा तवा वेगळा, ताट वेगळं, आणि नंतर आंघोळ केल्याशिवाय वरच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. तीस वर्षांत या कायद्यात दुरुस्ती झाली नव्हती. मी काकांना म्हटलं, "आता बंदच करा ना." ते म्हणाले, "बंद कशाला? जी गोष्ट जड आहे ती काढून टाकणं सोपं असतं. ती बजेटमध्ये बसवणं याला इंजिनिअरिंग म्हणतात."

दिवसाला सोळाशे कॅलरी ठरल्या होत्या. त्यातल्या तीनशे त्यांनी शनिवारच्या जेवणाला दिल्या आणि दोन शनिवार प्रयोगात घालवले. पहिल्या शनिवारी चरबीच्या रेषा असलेला रिब-आय आणला. तीनशे कॅलरीत तो जेमतेम तळहाताएवढा आला, आणि काका त्याच्याकडे फार दुःखाने बघत होते. दुसऱ्या शनिवारी मागच्या मांडीचा, बिनचरबीचा राउंड आणला. तो दीडशे ग्रॅम घेऊनही चमचाभर तेल आणि वाफवलेला घेवडा मावत होता. हा तुकडा चिवट लागतो, पण लिंबू आणि मिरपूड लावून तासभर ठेवला आणि धाग्यांना आडवा, पातळ कापला की दात शाबूत राहतात, असं त्यांनी मला सांगितलं. काप चोवीस. वजन नेहमी कच्च्याचं धरायचं, कारण "भाजल्यावर पाणी उडतं, कॅलरी उडत नाही."

खाटकाकडे मीही एकदा गेले होते त्यांच्याबरोबर मेट्रोने. पूर्वी काका तिथून पाऊण किलोचा तुकडा उचलायचे. आता त्यांनी दीडशे ग्रॅम मागितलं तेव्हा तो म्हातारा सुरी खाली ठेवून म्हणाला, "से पूर ल शा, मस्यू?" म्हणजे, मांजरीसाठी हवंय का? काका शांतपणे म्हणाले, "नों. पूर मा फाम." नाही, बायकोसाठी. त्याने काकूंच्या भुकेची कीव केली असावी, कारण वर एक तुकडा फुकट टाकू लागला. काकांनी तो परत केला.

पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. आलेखावरची रेघ बघून काका शीळ घालत होते. याच सुमारास काकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "ऑफिसातून येताना इंडियन ग्रोसरीतून तुपाचा एक डबा आणशील? ह्यांना नको सांगूस. देवाला लागतं." घरातलं सामान काका स्वतः आणायचे आणि ओट्यावर ठेवायच्या आधी तोलायचे, त्यामुळे त्यांना न सांगण्यात मला गैर वाटलं नाही. दोन महिन्यांत मी असे तीन डबे आणून दिले. देवाला एवढं तूप कशाला लागतं असा प्रश्न मला पडायला हवा होता, पण मी तेव्हा फ्रेंचच्या परीक्षेत बुडालेली होते.

आणि रेघ सपाट झाली. एक आठवडा, दोन, पाच. चौऱ्याण्णव म्हणजे चौऱ्याण्णव. काकांनी आधी काट्यावर संशय घेतला आणि तो उचलून माझ्यावर तपासून बघायला वर आले. त्यात माझंच वजन दोन किलोंनी जास्त निघालं. मग त्यांनी चहातली साखर बंद केली, मग चहाच बंद केला. इकडे काकूंची तब्येत आठवड्याआठवड्याला उतरत होती. "ते खाली बसून खाता ना, ते बंद करा, मग बघा," असं त्या म्हणायच्या, आणि मीही मान डोलवायचे. काका एकच म्हणायचे, "या घरात मला नक्की ठाऊक असलेली तीच एक गोष्ट आहे."

मग काकूंना जंतुसंसर्ग होऊन ताप चढला आणि पाच दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. काका दिवसभर तिथे बसायचे आणि घरी येऊन रोज तोच दीडशे ग्रॅमचा तुकडा आणि घेवडा खायचे. मी वरण-भात आणून दिला तर म्हणाले, "सध्या नवीन काही नको, डोकं चालत नाही." पाच दिवसांत सव्वा किलो उतरलं. काकू सुखरूप घरी आल्या आणि आठवडाभर रेघ पुन्हा सपाट. रविवारी मी कपडे धुवायला बेसमेंटमध्ये गेले तर काका आलेखासमोर उभे होते. समोर कागदी रुमालावर एक फुलका होता.

"हे बघ," ते म्हणाले. "स्टेकचे पाच दिवस उतार. घरच्या जेवणाचे सात दिवस सपाट. स्टेक इज इनोसंट." मग त्यांनी फुलका उचलला. खालच्या रुमालावर गोल, तेलकट डाग उमटला होता. "पीठ आणि पाणी असं सांगितलंय मला. मग हे काय? वजनही सहा ग्रॅम जास्त आहे."

मी कपड्यांची टोपली खाली ठेवली. "काका, तूप मी आणून दिलं. मला वाटलं देवाला."

"किती?"

"तीन डबे. आठशे ग्रॅमचे."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. मग पेन्सिल कानाला लावून बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तिला माझी किडनी नको आहे." त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, "तिला सांगू नकोस मला कळलंय म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी रोज स्टेक खायला सांगितल्याचं काकांनी घरात जाहीर केलं. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. काकू वर टेबलाशी एकट्या जेवायच्या, काका खाली कोट घालून जेवायचे, आणि नोव्हेंबरच्या थंडीत दिवसातून दोनदा आंघोळ करायचे. रेघ उतरू लागली. एका संध्याकाळी मी काकूंना न राहवून विचारलं, "काकू, तूप का?" त्या आपल्या हातावरच्या सुयांच्या खुणांकडे बघत म्हणाल्या, "माझं जे व्हायचं ते होवो गं. पण धडधाकट माणसाला माझ्यासाठी कापायचं? त्यांना काही झालं तर मी ती किडनी घेऊन काय करू?" त्या दोघांचंही बरोबर होतं आणि मला दोघांचाही राग येत होता.

तिसऱ्या रविवारी मी पुन्हा कपडे घेऊन खाली होते. काका ताट पुढ्यात घेऊन बसले होते. ज्या माणसाने तीस वर्षं शनिवारची वाट पाहिली, तो आता एकेक काप डोळे मिटून काढ्यासारखा गिळत होता. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काकू कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत खाली येत होत्या. कित्येक महिन्यांत त्या बेसमेंटमध्ये उतरल्या नव्हत्या. हातात काकांचा स्वेटर होता. त्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"अहो, आवडत नाही तर खाता कशाला?"

"वजनासाठी."

काकूंनी स्वेटरची घडी मोडली. मग म्हणाल्या, "मी तूप घालत होते."

"ठाऊक आहे. दोन किलो चारशे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू नको म्हणाली असतीस. एकदा तोंडाने नको म्हणालीस की डॉक्टर पुढे जात नाहीत. मीही गेलो नसतो."

वॉशिंग मशीन घरघरत होतं. ते बंद करावं की नाही हे मला कळेना. काकूंनी डोळे पुसले, स्वेटर त्यांच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "अजून म्हटलेलं नाही मी नको." मग त्यांनी टेबलावरचा छोटा वजनकाटा स्वतःच उचलला. "चला वर. उद्यापासून कणीक मोजून देईन. आणि शनिवारचं तेही वरच आणा. इथे गारठ्यात बसून गिळायचं नाही."

पुढच्या शनिवारी ओट्याच्या एका कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरलं होतं. काकूंनी खाटकाची पुडी दोन बोटांनी, तोंड फिरवून काट्यावर ठेवली आणि आकडा वाचला, "एकशे बावन्न. दोन जास्त आहे." काका म्हणाले, "असू दे." हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

मार्चमध्ये काटा चौऱ्याऐंशीवर आला आणि जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. दोघंही सुखरूप. शुद्धीवर आल्यावर काकांनी सर्जनला पहिला प्रश्न काय विचारला असेल हे सांगायला नको. सर्जन म्हणाले, असेल दीडशे ग्रॅमच्या आसपास. घरी आल्यावर त्यांनी मला वही दाखवली. मी वजा दीडशे, ती अधिक दीडशे, घराचं एकूण वजन तेच. खाली लिहिलं होतं, गुरुत्वमध्य सरकला.

त्यानंतर तीन वर्षांनी मला टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागात नोकरी लागली. निघायच्या दिवशी बॅग जिन्याखाली आणली तेव्हा काका सवयीने वाकले. काकूंनी त्यांना मागे सारलं, माझी बॅग एका हाताने उचलली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "चोवीस दोनशे." एकेकाळी ही बाई भिंत धरून चालायची. काकांनी मान डोलावली. किडनीबरोबर त्यांची खोडही काकूंकडे गेली असावी. मग मी वरच्या खिडक्या लावायला गेले, आणि खाली आल्यावर टॅक्सी उभी होती.

नव्या घरात मी पहिल्यांदा काटा विकत आणला आणि बॅग तशीच त्यावर ठेवली. चोवीस सहाशे. काकू चुकल्या याचं मला विनाकारण वाईट वाटलं. मग बाजूचा कप्पा उघडला तर आत प्लॅस्टिकचा छोटा डबा निघाला. झाकणावर काकांच्या सुबक अक्षरात चिठ्ठी होती. "तूप. डब्यासकट ४०० ग्रॅम. खाताना मोजू नकोस." मी मोजलं नाही. पण ते लवकर संपू नये म्हणून रोज अर्धा चमचाच घेत राहिले.